पुलावरचे रविवार

सिस्टर इनासियानं बाकांवरची माणसं तिसऱ्यांदा मोजली आणि तिसऱ्यांदाही ती नऊच भरली.

"दहा पायजेत," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली, जणू दहावा माणूस आमच्यापैकीच कुणीतरी लपवून ठेवला होता.

पिवळ्या तापाच्या लशीची ती कुपी दहा जणांची होती. एकदा फोडली की तासाभरात संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. म्हणून दहा डोकी जमल्याशिवाय ती फोडायची नाही असा त्या दवाखान्याचा शिरस्ता होता. गोव्यातल्या बंदराला लागून असलेला तो लहानसा सरकारी दवाखाना. आठवड्यातून एकच वार, सोमवार, तोही आधी नाव नोंदवून. त्या सोमवारी व्हरांड्यात चार खलाशी होते, केनियाला मुलाकडे निघालेलं एक म्हातारं जोडपं होतं, एक लाकडाचा व्यापारी आणि आम्ही दोघं. मी आणि माझे बाबा.

माझ्या मांडीवर फाईल होती. तिच्याबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लाज कमी वाटेल. तिला अकरा विभाग होते आणि प्रत्येक विभागाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी. हवामान, व्हिसा, औषधं, खाणं, नकाशे वगैरे. नकाशांच्या विभागाला आणखी तीन पोटविभाग. मी कुडाळच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. माणसाला हातोडी दिली तर त्याला सगळीकडे खिळे दिसतात म्हणतात, मला सगळीकडे वर्गीकरण दिसतं. आमच्या कॉलेजातले इतिहासाचे शेवडे सर एकदा ती फाईल चाळून म्हणाले होते, "बाई, तुम्ही काँगोला चाललाय की काँगो तुमच्याकडे यायचाय?"

आम्ही चाललो होतो ब्राझाव्हिलला. काँगो नदीच्या काठावरची राजधानी. तिच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठावर, दुसऱ्या देशाची राजधानी आहे, किन्शासा. दोन राजधान्या एकमेकींच्या अंगणात बघत बसल्यासारख्या. बाबा एकोणऐंशी ते ब्याऐंशी ही तीन वर्षं ब्राझाव्हिलला होते. नदीतल्या मालवाहू बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फिटर म्हणून. मुंबईच्या एजंटानं आखातातली नोकरी सांगितली आणि प्रत्यक्षात तिथे पाठवलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

मी पुढे तिथे जाऊन आले. पण जाईपर्यंत बाबा नव्हते, आणि ही गोष्ट त्या प्रवासाची नाही. ती फक्त तयारीची आहे. तयारीत माझा हात कुणी धरत नाही.

सुरुवात आई गेल्यानंतर झाली. ती गेली त्याच वर्षी बाबांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली, आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन "जपा" असं सांगितलं. डॉक्टर लोक जपा म्हणतात तेव्हा त्यात एक आकडा असतो, तो ते सांगत नाहीत. इतर मुली अशा वेळी काय करत असतील मला ठाऊक नाही. बापाजवळ बसत असतील. मी तीन ग्रंथालयांना पत्रं लिहून मध्य आफ्रिकेवरची पुस्तकं मागवली.

बाबांची पत्रं तर घरात होतीच. दर पंधरा दिवसांनी एक, अशी तीन वर्षांची. अर्ध्या पत्रावर आईचं नाव आणि उरलेल्या अर्ध्यावर माझं, 'चि. मृदुला हिस अनेक आशीर्वाद.' माझं वाचनाचं वेड शाळेत नाही, त्या पत्रांवर सुरू झालं. त्यात आरशांची एक गल्ली होती, जिथे गिऱ्हाईक शिरलं की ते शंभर जण होऊन बाहेर पडे. नदीवर तरंगत येणारी हिरव्या झाडोऱ्याची बेटं होती, त्यांच्यावर बसून बगळे गावोगाव फुकट प्रवास करत. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे पूल होता. 'दर रविवारी सकाळी मी पुलावरून चालत पलीकडच्या राजधानीत जातो, तिथे एक कप कॉफी पितो आणि जेवणाच्या वेळेला आपल्या राजधानीत परत येतो. पुलाच्या बरोबर मध्यावर एक पांढरी रेघ आहे. एक पाय या देशात आणि एक पाय त्या देशात ठेवून मी तुमची आठवण काढतो, म्हणजे ती दोन्ही देशांतून निघते.' वर्गात मी हे पत्र नेऊन दाखवलं होतं. भूगोलाच्या बाईंनी ते मोठ्यानं वाचलं होतं.

परत आल्यावर बाबा त्या शहराविषयी फारसं बोलले नाहीत. विचारलं की म्हणत, पत्रात सगळं लिहिलंय. एक गोष्ट मात्र कायमची बदलली. घरात, शेजारात, बाजारात ते मालवणी बोलत, आणि माझ्याशी पत्रातली मराठी. तीन वर्षं मी त्यांना कागदावरच भेटले होते, आणि त्यांची माझ्याशी बोलायची भाषा कागदावरचीच राहिली. 'तू जेवलीस का' असं मला विचारणारे बाबा त्याच दमात आईकडे वळून 'जेवलंस?' म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे. वाटायला नको होता, पण वाटे.

तर मी ठरवलं की बाबांना ब्राझाव्हिल पुन्हा दाखवायचं. सांगितलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघूया."

त्यानंतर सात महिने, दर रविवारी सकाळी चहा झाला की मी ओटीवर फाईल उघडून बसायची आणि बाबा एक अडचण काढायचे. पहिल्या रविवारी म्हणाले, तिथे पाऊस फार. पुढल्या रविवारी मी महिनावार पावसाचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवला आणि जून ते ऑगस्ट कोरडे असतात हे सिद्ध केलं. मग म्हणाले, फ्रेंच विसरलो. मी स्वतः फ्रेंच शिकायला घेतलं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, स्वयंपाकघरात, कानात वायरी घालून. दोन महिन्यांत मला 'आमच्या खोलीतला पंखा चालत नाही' हे इतक्या अस्खलितपणे सांगता येऊ लागलं की चालणाऱ्या पंख्याचं काय करायचं हा प्रश्न पडला. मग जेवणाचं निघालं. मी कुळथाचं पीठ, मेतकूट, सुकवलेली आमसुलं यांची वजनासकट यादी केली. मग म्हणाले, सुपारी काढणीला कोण बघणार? चुलतभाऊ. ओळखीचं कुणी उरलं नसेल. मी तिथल्या एका गुजराती दुकानदाराचा पत्ता काढून त्याच्याकडून निमंत्रणपत्र मागवलं, व्हिसाला ते लागतंच. प्रत्येक अडचणीला मी उत्तर आणलं की बाबा मान डोलवत, "अभ्यास चांगला केलास" म्हणत, आणि पुढच्या रविवारपर्यंत शांत होत. मला वाटे, मी जिंकते आहे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. पहिल्याच रविवारी, पहिल्याच पुस्तकात, पहिल्याच नकाशावर मला दिसलं होतं की त्या दोन शहरांच्या मध्ये पूल नाही. नदी तिथे दोन-तीन किलोमीटर रुंद आहे. लोक बोटीनं जातात. मी दुसरं पुस्तक काढलं. मग तिसरं. पूल पूर्वी असेल आणि वाहून गेला असेल, अशी एक शक्यता मी दोन दिवस जोपासली. लेखकाच्या शुद्धलेखनासाठी प्रकाशकाला पत्र लिहिणारी बाई मी, पण पुलाच्या बाबतीत मी सगळ्या जगाच्या नकाशांवर संशय घेतला. शेवटी नकाशांच्या विभागात एका कोपऱ्यात 'पूल' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. मग येणाऱ्या प्रत्येक रविवारी मी ते पान दोन बोटांनी उचलून पुढे जात होते.

तर तो सोमवार.

बाबा एका खलाशाशेजारी जाऊन बसले होते. "खंयचो रे तू?" त्यांनी विचारलं. तो देवगडचा निघाला. पहिलीच बोट, लागोसला चालला होता. बाबा त्याला बोटीवरच्या इंजिनरूममध्ये कानांत कापूस कसा घालावा ते सांगत होते. कापूस आधी तेलात भिजवायचा. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, पत्रातही नव्हतं. मी कान तिकडे देऊन फाईलीत बघत राहिले.

मग सिस्टर फॉर्म भरायला आली. अंड्याची काही तक्रार आहे का, असं तिनं बाबांना विचारलं. ही लस अंड्यात वाढवतात, अंडं सोसत नसलेल्यांना ती देत नाहीत. मला हे पाठ होतं, विभाग चार.

"अंडं चालता," बाबा म्हणाले, "पण आज सोमवार."

सिस्टर पेन वर धरून थांबली. शेजारचा व्यापारी हसून म्हणाला, काका, इंजेक्शनला सोमवार नसतो. बाबा म्हणाले की सोमवाराला सगळंच असतं. मी मध्ये पडून सिस्टरला 'नाही' लिहायला सांगितलं. आज आठवतं की बाबांनी त्या वेळी आशेनं सिस्टरकडे पाहिलं होतं. तेव्हा मला तो विनोद वाटला.

साडेदहाला दहावा माणूस आला, धापा टाकत. एक तरुण नर्सबाई, नायजेरियातल्या नोकरीवर निघालेली. तिची बस वाटेत बंद पडली होती. सगळे बाक तिच्याकडे बघून असे सैलावले की तिला काही कळेना. सिस्टर आत गेली. डॉक्टर एकेकाला बोलावून तपासणार, सगळ्यांची तपासणी झाली की कुपी फोडणार. वयानं मोठे आधी, म्हणून पहिलं नाव बाबांचं पुकारलं. भिकाजी आंदुर्लेकर. मी उठले, तर सिस्टर म्हणाली, एकेकच.

बाबा दहा मिनिटांनी बाहेर आले. येऊन माझ्या शेजारी बसले, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"नाही म्हणाल्या," ते म्हणाले. "वयात बसत नाही."

यानंतर मी जे केलं ते मला आठवायला आवडत नाही, म्हणून सविस्तर सांगते. मी फाईल उचलली, बाबांनी आत नेलेल्या कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या 'प्रवासाला हरकत नाही' या पत्राची प्रत काढली आणि 'एकेकच' म्हणणाऱ्या सिस्टरच्या बाजूनं आत शिरले. आत डॉ. लोटलीकर नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांच्यासमोर केनियाचे आजोबा शर्टाची बाही वर करून बसले होते. मी डॉक्टरांना साठीनंतरच्या लसीकरणाविषयीची नियमावली वाचून दाखवायला सुरुवात केली. परिच्छेद क्रमांकासह. त्यांनी माझं एक पूर्ण पान ऐकून घेतलं. मग आजोबांना जरा बाहेर बसायला सांगितलं.

"मी हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

मी वाचायची थांबले.

"साठीच्या पुढे धोका थोडा जास्त असतो, ते मी त्यांना समजावलं. पण पत्र होतं, प्रकृती बरी वाटली, मी सही करणार होते. फक्त एक विचारलं, की आजोबा, तुम्हांला स्वतःला जायचंय ना? हा काही नियम नाही. मी आपली विचारते." त्यांनी माझ्यासमोरची फाईल बोटानं जरा बाजूला सारली, कारण ती त्यांच्या रक्तदाबाच्या यंत्रावर होती. "तर ते नाही म्हणाले. मुलीला तुम्हीच नकार दिला म्हणून सांगतो, असंही म्हणाले. मी गप्प राहणार होते, बाई. पण तुम्ही मला परिच्छेद सात वाचून दाखवायला लागलात."

बाहेर आले तेव्हा बाबा व्हरांड्याच्या पार टोकाच्या बाकावर जाऊन बसले होते. तिथून बंदराचा धक्का दिसत होता. लोखंडाच्या मातीनं लाल झालेल्या बार्ज एकीला एक लावून उभ्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली, आणि मी नऊ वर्षांची असल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी मालवणीत बोलले.

"पूल नाय थंय," ते म्हणाले. "कधीच नव्हतो."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं. "कधीपास्ना?"

"पहिल्या रविवारपासून."

पुढचं सगळं ते मालवणीतच बोलले. लिहिताना माझी मराठी मध्ये येते, त्याला आता इलाज नाही.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "सात महिने?"

"हो."

"मी दर रविवारी तुझ्यासमोर एक नवीन भिंत बांधतोय, आणि तू दर रविवारी ती पाडतेयस. आणि भिंतीमागे काय आहे ते तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

"मग कशाला चालवलं होतंस हे?"

याचं उत्तर माझ्या अकरा विभागांत नव्हतं. सोयीची उत्तरं पुष्कळ होती. तुम्हांला बरं वाटावं म्हणून. तुमचं मन रमावं म्हणून. पण बाबा माझ्याकडे इतकं सरळ बघत होते की मी खरं ते सांगितलं. मी म्हणाले, मला वाटलं, तिथे नदीच्या काठावर तुम्हांला नेऊन उभं केलं की तुम्ही आपणहून सांगाल.

हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा कुठे मला ते ऐकू आले. बहात्तर वर्षांच्या, हृदयाला जपायला सांगितलेल्या माणसाला मी तीन विमानं बदलून जगाच्या दुसऱ्या टोकाला नेणार होते. कुळथाच्या पिठासकट. त्याच्या तोंडून एक वाक्य काढून घेण्यासाठी. आणि वर स्वतःला श्रावणबाळ समजत होते.

बाबांनी ओठ मिटले. मला वाटलं ते रागावले. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"म्हणजे उलटतपासणीच म्हण की," ते म्हणाले. "आणि तीही फ्रेंचमधून."

मला हसू येत नव्हतं. ते हसत होते, पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होते. हसणं थांबलं तेव्हा समोरच्या बार्जकडे बघत म्हणाले, "रविवारी मी काय करायचो, सांगू? बसायचो."



पासपोर्ट कंपनीच्या साहेबाच्या कपाटात असे, ते सांगू लागले, आणि पासपोर्टाशिवाय पलीकडच्या बोटीत घेत नसत. शहरात जायला भीती वाटे, भाषा येत नव्हती. पहिल्याच महिन्यात एकदा वाट चुकले, तेव्हा संध्याकाळपर्यंत भटकत राहिले होते. त्यानंतर इंजिनं दुरुस्तीची पत्र्याची शेड, शेडमागची खोली आणि नदीचा काठ एवढंच. रविवारी ते एक रिकामा खोका घेऊन काठावर जात आणि पलीकडच्या शहराकडे बघत बसत. उंच इमारती दिसत. बोटी जाताना दिसत, येताना दिसत. जेवणाच्या वेळेला खोका उचलून परत.

"आरशांची गल्ली?" मी विचारलं.

"एक सेनेगलचा सुतार होता आमच्यात. तो जायचा पलीकडे, येऊन हातवाऱ्यांनी सांगायचा. मला जेवढं कळायचं तेवढं त्याचं. उरलेलं माझं."

"बगळे?"

"बगळे खरे. ते माझ्यासमोरून जायचे."

मला तेवढ्यात बरं वाटलं. बगळ्यांसाठी तरी मला वर्गातल्या कुणाची माफी मागायची नव्हती.

"तुझी आई प्रत्येक पत्रात विचारायची," बाबा म्हणाले, "सुटीच्या दिवशी काय करता? नुसता बसतो असं लिहिलं असतं तर तिनं जेवण टाकलं असतं. म्हणून मग पूल बांधला. आणि एकदा बांधला म्हटल्यावर दर रविवारी त्याच्यावरून जावं लागलं. तू तर पत्र वर्गात नेलंस. बाई मोठ्यानं वाचतात असं लिहिलंस. आता पाडणार कसा?"

"आईला कळलं नाही कधी?"

"आल्यावर पहिल्याच दिवशी पाय चेपायला बसली. म्हणाली, इतकं चाललात दर रविवारी, पण पायांना घट्टे नाहीत कुठे." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग पुन्हा कधी तो विषय नाही. तिनं तेहतीस वर्षं विचारलं नाही आणि तू सात महिन्यांत काँगोपर्यंत पोचलीस."

आमच्या मागे सिस्टर इनासिया येऊन उभी होती. किती वेळ, माहीत नाही. कुपी फोडली आहे, ती म्हणाली, घड्याळ सुरू झालं आहे, आठ जणांना दिली, तुमचे बाबा घेत नाहीत तर एक डोस वाया, आता माझाही घालवायचा का ते सांगा.

मी तिला म्हणाले की आम्ही दोघंही नाही. आता कशाला, मी बाबांना म्हणाले. चला घरी.

"जा," बाबा म्हणाले. "टोचून घे."

मी म्हणाले, मला एकटीला तिथे काय करायचं आहे?

"टोचून घे आधी. मग सांगतो."

मी उठले. लहानपणी देवीच्या लशीला मी पळून जाऊन माडाच्या मागे लपले होते, तेव्हा त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं असं मला उगाच वाटलं. बहुधा म्हटलं नसेल. डॉ. लोटलीकरांनी काही न विचारता सही केली. सिस्टरनं दंडात सुई खुपसली आणि ती काढताना म्हणाली, "फादर बरो आसा तुजो." मग पिवळा दाखला भरून दिला आणि बजावलं की अर्धा तास बसायचं, चक्कर येते का बघायला.

परत आले तर बाबांनी माझ्या जागेवर हातरुमाल टाकून ठेवला होता. व्हरांडा आता जवळजवळ रिकामा होता. देवगडचा खलाशी जाता जाता बाबांच्या पाया पडला आणि बाबांनी त्याला कापसाचं पुन्हा एकदा सांगितलं.

"तू जा," तो गेल्यावर बाबा म्हणाले. "आत्ता नको. मी असताना नको, मग मला काळजी. पण जा. राहायचं तर ब्राझाव्हिलला राहा, पण एक दिवस बोटीनं पलीकडे जा. किन्शासाला. आणि उतरलीस की आधी शहर बघू नको. मागे वळ."

"मागे काय आहे?"

"मीच की," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे शेड. असली तर. नसली तर जागा. मी तीन वर्षं इकडून तिकडे बघितलं. तिकडून इकडे कसं दिसत असेल ते मला कधी कळलं नाही. मला वाटायचं, पलीकडे रविवारी कुणी कॉफी पीत बसला असेल, तर त्याला मी दिसत असेन का? खोक्यावर बसलेला? की एवढ्या लांबून माणूस दिसतच नसेल?"

मी सांगितलं की नदी तिथे दोन किलोमीटरच्या वर आहे. माझ्या तोंडून ते निघून गेलं. इतक्या लांबून माणूस दिसत नाही, हे मी मात्र बोलले नाही. पण ते त्यांना गणितात कळलं असावं.

"बघून ये," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

दंडातली जागा ठणकायला लागली होती. समोर एक रिकामी बार्ज धक्क्यापासून सुटली आणि हळूहळू तोंड फिरवू लागली. बाबा तिचं इंजिन ऐकत होते, मान जराशी तिरकी करून. एक सिलिंडर नीट पेटत नाही, असं ते मला सांगू लागले, तो कुठला ते आवाजावरून कसं ओळखायचं ते सांगू लागले. मला त्यातलं काही कळलं नाही आणि मी मध्ये एकदाही काही विचारलं नाही.

सिस्टर इनासिया आली. चक्कर येते का, मळमळतं का, तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. तुम्ही गेलात तरी चालेल, ती म्हणाली आणि आत जाऊन दवाखान्याची एकेक खिडकी लावू लागली.

"झाला अर्धा तास?" बाबांनी विचारलं.

"झाला."

"बस जरा," ते म्हणाले.